हिस्लॉपचे शिंपले, लायडिगचे मासे

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाटजवळील एका ओढ्याला पूर आलेला होता. त्या परिसरातील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतणारा एक पंचेचाळीस वर्षांचा स्कॉटिश मिशनरी तो ओढा ओलांडताना वाहून गेला. चार दिवसांनी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपुरातील हिस्लॉप कॉलेजच्या फाटकावर हे नाव रोज हजारो विद्यार्थी वाचतात. मात्र हा मनुष्य शिंपले गोळा करीत असे, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

तीन वर्षांनंतर, १८६६ साली, दोन गोष्टी घडल्या. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी हिस्लॉपच्या मागे राहिलेल्या कागदांतून आदिवासी जमातींविषयीची टिपणे संपादित करून प्रसिद्ध केली. गोंडांचे लिंगोगीत शिक्षित जगासमोर आले ते या ग्रंथातून. त्याच वर्षी, सहा-सात हजार किलोमीटर दूर जर्मनीतील ट्युबिंगेन येथे फ्रांट्झ लायडिग नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने माशांच्या अंगाला रुतून बसलेले काही सूक्ष्म जीव ओळखले. ते गोड्या पाण्यातील शिंपल्यांची पिल्ले होती.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरीही हिस्लॉपने नागपूरच्या दगडांतून काढलेल्या शिंपल्यांचा पुरता अर्थ लावायचा, तर लायडिगच्या माशांना वळसा घालून जाता येत नाही.

प्रथम दगडांकडे वळू.

हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला, तेव्हा येथे तिसरे रघुजी भोसले गादीवर होते. डिसेंबर १८५३ मध्ये रघुजी वारले, दत्तकाचा हक्क नाकारला गेला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. शहरात एवढी उलथापालथ चालू असताना हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर हे दोघे शाळा आणि प्रवचने सांभाळून उरलेल्या वेळात हातोडी घेऊन खाणी धुंडाळत होते. सीताबर्डीची टेकडी, तेलंखेडी आणि तिच्याजवळची टाकळी ही त्यांची क्षेत्रे. (ही टाकळी वायव्य नागपुरातील, ज्या टाकळघाटजवळ हिस्लॉप बुडाला ते गाव वेगळे. नावांच्या साम्यामुळे अनेकांची गल्लत होते.)

सीताबर्डीच्या टेकडीवर उभे राहिले की पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, असतो. तो एका दमात साचलेला नाही. लाव्हाचा एक लोंढा आला, थंडावला; त्यावर पाऊस पडला, खोलगट जागी पाणी साठले, गाळ बसला, झाडे उगवली, किडे-गोगलगायी नांदू लागल्या. मग पुढचा लोंढा आला आणि सारे झाकून गेला. दोन लोंढ्यांच्या मधोमध चेपलेल्या या गाळाच्या पातळ थरांना भूवैज्ञानिक ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणतात. कित्येक ठिकाणी हे थर हातभर किंवा पुरुषभर जाडीचेच असतात. पण वरून आलेल्या लाव्हाने भाजून आणि सिलिका झिरपून त्यांतील जीवांचे अवशेष असे टिकले, की बियांचे कवच आणि बीटलचे पंख ओळखता यावेत.

हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवरील आपला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध केला. १८६० मध्ये त्याच त्रैमासिकात हिस्लॉपने एकट्याच्या नावाने दुसरा निबंध लिहिला. त्यात या थरांतील शंख-शिंपल्यांची रीतसर वर्णने आहेत.

या क्षेत्रात तो पहिला नव्हता. मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक जे. जी. मालकमसन याने त्याआधीच हैदराबाद-नागपूर पट्ट्यातील काळ्या पाषाणातून गोड्या पाण्याचे शंख-शिंपले गोळा केले होते. १८४० मध्ये सॉवर्बी या तज्ज्ञाने त्यांना नावे दिली. फायसा प्रिन्सेपी ही गोगलगाय आणि युनिओ डेक्कनेन्सिस हा शिंपला ही नावे त्याच वेळची. हिस्लॉपने या यादीत मोठी भर घातली. त्याने नव्या शिंपल्यांना मालकमसन, हंटर आणि मुंबईचा भूवैज्ञानिक-डॉक्टर कार्टर यांची नावे दिली: युनिओ मालकमसोनी, युनिओ हंटरी, युनिओ कार्टरी. एकाच कुटुंबाच्या देव्हाऱ्यात टाक मांडावेत तशी ही नावे शेजारी शेजारी बसली आहेत.

हिस्लॉपचा युक्तिवाद सरळ होता. हे सारे शंख-शिंपले गोड्या पाण्यातले आहेत. म्हणून लाव्हाचे लोंढे समुद्राच्या तळावर नव्हे, तर जमिनीवर, तळी आणि डबकी यांवरून वाहिले. हा निष्कर्ष आजही टिकून आहे. काळाच्या बाबतीत मात्र त्याचा अंदाज चुकला. त्याने हे थर तृतीयक कल्पाच्या आरंभीचे, इओसीनमधले मानले. आज दख्खनच्या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरांच्या अस्ताच्या सीमेवरचा मानला जातो आणि नागपूरचे थर त्या सीमेच्या अलीकडच्या बाजूला नव्हे, तर क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस ठेवले जातात. शंख-शिंपल्यांवरून वय काढण्याच्या त्या काळच्या पद्धतीला एवढी चूक माफ असावी.

परंतु हिस्लॉपने एक प्रश्न विचारला नाही, आणि तो त्याला सुचणे शक्यही नव्हते. हे शिंपले त्या तळ्यांत आले कसे?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. शिंपल्याला पाय म्हणावा असा एकच मांसल अवयव असतो. त्याच्या जोरावर तो गाळात रुततो, फार तर काही हात सरकतो. वाहत्या नदीत प्रवाह सर्वकाळ त्याला खालच्या दिशेला ढकलतो. असे असूनही नदीच्या उगमाकडील पाण्यात शिंपले सापडतात. शेकडो पिढ्या केवळ खाली वाहत जाणारा प्राणी वर पोहोचला कसा?

आपल्याकडे शिंपल्याच्या जन्मापेक्षा मोत्याच्या जन्माचेच कुतूहल अधिक होते. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही कल्पना संस्कृत काव्यापासून संतवाङ्मयापर्यंत पसरलेली आहे. ज्या शिंपल्याने बाळाला दूध पाजायचे, ज्याचा चुना भिंतीला लावायचा, तो स्वतः कोठून येतो हा प्रश्न कवींनी सोडून दिला. युरोपातील निसर्गवेत्त्यांनी तो धरला खरा, पण त्याची गाठ सोडवायला त्यांना पावणेदोनशे वर्षे लागली.

१६९५ साली डेल्फ्टचा कापडव्यापारी आणि सूक्ष्मदर्शकांचा वेडा अँटनी फान लेव्हेनहुक याने शिंपल्याच्या शरीरातील अंडी भिंगाखाली धरली. प्रत्येक अंड्यात एक चिमुकला जीव गरगर फिरत होता. तो देखावा इतका विलक्षण होता, की लेव्हेनहुक, त्याची कन्या आणि त्याचा चित्रकार असे तिघेही दोन तास तो पाहत बसले. हे शिंपल्याचेच पिल्लू आहे, याविषयी लेव्हेनहुकला शंका नव्हती.

शंका आली ती एका शतकानंतर. १७९७ मध्ये येन्स राट्के याने याच जीवांचे बारकाईने वर्णन केले आणि उलट निष्कर्ष काढला. ही पिल्ले नव्हेत, हे शिंपल्याला जडलेले परजीवी होत! त्याने त्यांना नावही दिले: ‘ग्लोकिडियम पॅरासिटिकम’. ग्रीक भाषेत ‘ग्लोकिस’ म्हणजे बाणाचे टोक किंवा काटा.

राट्केला हसण्यापूर्वी त्याची बाजू ऐकून घ्यायला हवी. हे जीव बीजांडकोशात नव्हे, कल्ल्यांत सापडत. ते आईसारखे अजिबात दिसत नसत. दोन इवल्या झडपा, काहींच्या टोकाला आकडे, मध्ये एकच स्नायू. डिवचले की झडपा चटकन मिटणार, जणू उंदराचा सापळाच. एका शिंपल्यात त्यांची संख्या हजारोंच्या, मोठ्या जातींत लाखोंच्या घरात. एखाद्या जनावराच्या कल्ल्यांत आकडे असलेले लक्षावधी सूक्ष्म जीव आढळले, तर कोणताही शहाणा मनुष्य आधी रोगाचाच विचार करील. १८२८ मध्ये डेन्मार्कच्या याकोबसननेही हीच बाजू उचलून धरली आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीपर्यंत हा वाद गेला.

१८३२ मध्ये कार्ल गुस्टाफ कारुस याने वादाचा निकाल लावला. अंडी बीजांडकोशातून निघून कल्ल्यांत येताना आणि तेथेच वाढताना त्याने पाहिली. म्हणजे लेव्हेनहुक खरा ठरला आणि राट्के खोटा. ‘ग्लोकिडियम’ हे नाव मात्र टिकले. फरक एवढाच, की ते आता एका जातीचे नाव न राहता शिंपल्याच्या डिंभाचे सामान्य नाव झाले. हरलेल्या पक्षाचा शब्द जिंकलेल्या पक्षाने वापरावा, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडते.

निकाल लागूनही एक गोष्ट अडकून राहिली. आईने बाहेर टाकलेले ग्लोकिडियम पाण्यात नुसते ठेवले, तर काही दिवसांत मरते. ते कधी मोठे होत नाही. मग तळाच्या गाळात दिसणारा नखाएवढा शिंपला आणि हा धुळीच्या कणाएवढा डिंभ यांच्यामधला दुवा कोठे आहे?

तो माशावर होता. माशांच्या परांवर दिसणाऱ्या बारीक गाठींत शिंपल्याचे डिंभ बसलेले आहेत, हे १८६६ मध्ये लायडिगने ओळखले. (वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित असेल: पुरुषबीजग्रंथीतील ‘लायडिग पेशी’ त्याच्याच.) पुढच्या काही दशकांत सारा क्रम उलगडला. डिंभ माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिमटा घेतो. काही तासांतच माशाची त्वचा त्याच्याभोवती वाढून त्याला कोशात बंद करते. तेथे आठवडे, प्रसंगी महिने राहून त्याच्या शरीराची पुनर्रचना होते. मग कोश फुटतो आणि एक सूक्ष्म पण पूर्ण शिंपला तळाशी पडतो. जेथे मासा त्या क्षणी असेल, तेथे.

उगमाकडचे कोडे असे सुटते. शिंपला स्वतः वर चढत नाही. त्याचे बाळ माशाच्या पाठीवर बसून चढते.

येथे राट्केची आठवण पुन्हा काढायला हवी. ग्लोकिडियम परजीवी आहे, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. चुकला तो फक्त यजमान ओळखण्यात. तो घरमालकालाच पाहुणा समजला आणि पाहुणा ज्याच्या घरी जाणार होता, तो मासा त्याने पाहिलाच नाही.

पण कोणताही मासा चालत नाही, आणि पुढचा सारा इतिहास या एका अटीभोवती फिरतो. चुकीच्या माशावर बसलेल्या डिंभाला त्या माशाची प्रतिकारशक्ती काही दिवसांत झटकून टाकते. काही शिंपल्यांना डझनभर जातींचे मासे चालतात. युरोपातील मोत्याच्या शिंपल्याला केवळ सॅमन आणि ट्राउट. एकदा डिंभांचा प्रसाद मिळालेला मासा पुढच्या वेळी अधिक प्रतिकार करतो, म्हणून कोवळे, पहिल्यांदाच सापडणारे मासे अधिक उपयोगी. काही अमेरिकन शिंपल्यांनी तर फसवणुकीचीच कला साधली आहे. मादी आपल्या कवचाबाहेर काढलेली मांसल झालर लहान माशासारखी हलवते, ‘डोळा’ आणि ‘शेपटी’ यांसह. मोठा मासा खायला झेपावला, की त्याच्या तोंडावर डिंभांचा फवारा बसतो.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून बाजारात आले ते शर्टाच्या गुंडीमुळे.

हॅम्बुर्गचा गुंड्या बनवणारा कारागीर योहान बोपल १८९१ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात मस्कटीन येथे आला आणि मिसिसिपी नदीच्या शिंपल्यांपासून गुंड्या पाडू लागला. काही वर्षांत मस्कटीन हे जगाला गुंड्या पुरवणारे शहर बनले. नदीचा तळ खरवडून शिंपले काढले जाऊ लागले आणि ते संपत चालल्याचे लवकरच सर्वांच्या ध्यानात आले. तेव्हा सरकारने जवळच फेअरपोर्ट येथे शिंपल्यांच्या संवर्धनासाठी जैविक केंद्र उभारले. लफेव्हर आणि कर्टिस या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी माशांवर डिंभ मुद्दाम चढवून शिंपले वाढवण्याचा प्रचंड उद्योग केला. त्यांचा १९१२ चा अहवाल आजही या विषयातला आधारग्रंथ आहे. बोपलचा अंत मात्र चटका लावणारा झाला. सरकारी कामासाठी नदीत उतरलेला असताना शिंपल्याने त्याचा पाय कापला, जखम चिघळली आणि १९१२ मध्ये तो मरण पावला.

त्या काळातील दोन निरीक्षणे नागपूरच्या वाचकाने ध्यानात ठेवावीत.

पहिले निरीक्षण गार माशाचे. लांब जबड्याचा, हाडांसारख्या टणक खवल्यांचा हा मासा अमेरिकन कोळ्यांच्या लेखी निव्वळ उपद्रव होता. जाळी फाडतो आणि चांगले मासे खातो म्हणून त्याला मारून टाकीत. पुढे असे आढळले, की गुंड्यांसाठी बहुमोल ठरलेल्या ‘यलो सँडशेल’ या शिंपल्याचा यजमान हाच गार मासा आहे. उपद्रवी मासा गेला, तर भारी किमतीचा शिंपलाही जातो.

दुसरे निरीक्षण धरणाचे. १९१३ मध्ये मिसिसिपीवर किओकक येथे मोठे धरण पूर्ण झाले. ‘एबनीशेल’ या शिंपल्याचा यजमान असलेला स्किपजॅक हेरिंग हा स्थलांतरी मासा त्यापलीकडे जाईनासा झाला. धरणाच्या वरच्या बाजूला एबनीशेल लगेच मेले नाहीत. ते दीर्घायुषी प्राणी. दशकानुदशके तळाशी जिवंत राहिले. फक्त त्यांना पुढे पिढी झाली नाही. वरवर पाहणाऱ्याला नदीत शिंपले दिसत होते. प्रत्यक्षात ती म्हाताऱ्यांची वस्ती होती, आणि तिच्यात पाळणा हलणे बंद झाले होते.

भारतात या विषयाचा पाया कलकत्त्यात घातला गेला. १९१६ मध्ये नेल्सन ॲनंडेल याच्या नेतृत्वाखाली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. त्याच वर्तुळातील बेनी प्रसाद या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये भारतीय शिंपल्यांच्या कल्ल्यांतील गर्भकोश आणि ग्लोकिडियम यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे बेनी प्रसाद त्याच संस्थेचे संचालक झाले. अमेरिकेत या संशोधनामागे गुंड्यांचा पैसा होता; भारतात तसा कोणी पाठीराखा नव्हता. येथे डिंभांचे वर्णन झाले, पण कोणत्या जातीला कोणता मासा लागतो याची यादी झाली नाही. आजही बहुसंख्य भारतीय शिंपल्यांचे नैसर्गिक यजमान निश्चित झालेले नाहीत. विदर्भाच्या तळ्यांत सर्वत्र आढळणारा लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा शिंपला लामार्कने १८१९ मध्येच नोंदवला होता, आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने मोत्यांच्या शेतीसाठी त्याचा उपयोग रूढ केला. मोती हवा असेल तर शिंपल्यात मणी कसा घालावा, हे शेतकऱ्याला शिकवले जाते. तो शिंपला बहुधा नदी-तळ्यातूनच गोळा केलेला असतो. म्हणजे त्याच्या जन्माचा खर्च कोण्या अनाम माशाने आधीच उचललेला असतो.

विदर्भापुरते बोलायचे, तर या नात्याचा इतिहास तळ्यांचा इतिहास आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत कोहळी समाजाने गोंड राजांच्या आश्रयाने बांधलेल्या शेकडो तळ्यांना आज ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. पाऊस आणि ओढे यांनी भरणारी ही तळी पावसाळ्यात एकमेकांशी आणि नदीशी जोडली जात. मासे चढत-उतरत, आणि त्यांच्याबरोबर शिंपल्यांचे डिंभही. तळे बांधणाऱ्या कोहळ्याने शिंपले आणून सोडले नव्हते. ते मरळ, शिंगी यांच्या संगतीने आपोआप आले असावेत.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तळी सरकारकडे गेली, मासेमारी सोसायट्यांकडे आली आणि कटला-रोहू यांचे बीज विकत आणून सोडण्याची पद्धत रुजली. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया मासाही कालांतराने देशभरच्या गोड्या पाण्यात पसरला. ढिवर समाजातील जुनी मंडळी तळ्यातून हरवलेल्या माशांची नावे आजही घडाघडा सांगतात. त्यांच्या दृष्टीने हा जेवणाचा आणि रोजगाराचा प्रश्न आहे आणि तसाच तो आहे. शिंपल्याच्या दृष्टीने हाच प्रश्न बाळंतपणाचा आहे. युरोपातील प्रयोगांत परदेशी मासे स्थानिक शिंपल्यांचे यजमान म्हणून अनेकदा निकामी ठरले आहेत: डिंभ त्यांच्यावर बसतो, पण वाढत नाही. गोसेखुर्दच्या भिंतीने वैनगंगेचे पात्र अडवले, त्याच्या कितीतरी आधी पेंचचे पाणी अडले होते. किओककच्या एबनीशेलसारखी म्हाताऱ्यांची वस्ती या भिंतींच्या वर कोठे आहे का, हे पाहायचे तर मोठे शिंपले मोजून भागत नाही. चाळणी घेऊन गाळातले नखाएवढे शिंपले शोधावे लागतात.

आता पुन्हा हिस्लॉपकडे.

त्याच्या १८६० च्या यादीत गोगलगायी आणि शिंपले शेजारी आहेत. त्याला दोन्ही सारखेच ‘गोड्या पाण्याचे’ होते. ग्लोकिडियमचे गुपित कळल्यावर मात्र या दोहोंत फरक पडतो. फायसासारखी गोगलगाय आपली अंडी पाणवनस्पतीला चिकटवते. पाणपक्ष्याच्या पायाला लागून ती नव्या डबक्यातही जाऊ शकते. लाव्हावर साचलेल्या, दोन-चार वर्षांत आटणाऱ्या खळग्यातही तिचा संसार उभा राहतो. युनिओचे तसे नाही. जेथे युनिओ पिढ्यान्‌पिढ्या नांदला, तेथे योग्य जातीचा मासा येत-जात असला पाहिजे. आणि मासा येत-जात होता, म्हणजे ते पाणी कधी ना कधी ओढ्या-नदीला मिळत असले पाहिजे. आजच्या शिंपल्यांवरून सहा कोटी वर्षांमागे जाणारे हे अनुमान आहे, प्रत्यक्ष पुरावा नव्हे. पण नागपूरच्या एका थरात केवळ फायसा आणि दुसऱ्यात युनिओही सापडला, तर त्या दोन पाण्यांचा स्वभाव वेगळा होता, एवढे म्हणायला ते पुरेसे आहे.

आणि मासे? तेही त्याच प्रदेशात सापडले. १९०८ मध्ये आर्थर स्मिथ वुडवर्ड याने आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथील, लाव्हाच्या खालच्या लॅमेटा थरांतील माशांचे वर्णन केले. त्यांपैकी एकाला त्याने हिस्लॉपचे नाव दिले: इओसेरॅनस हिस्लॉपी. दुसऱ्याचे नाव लेपिडोस्टियस इंडिकस. हा मासा गार कुळातला. जाळी फाडतो म्हणून मिसिसिपीवर मार खाणाऱ्या, आणि यलो सँडशेलची बाळे कल्ल्यांत वागवणाऱ्या माशाचा हा भाऊबंद एके काळी वरोऱ्याच्या बाजूला पोहत होता.

नागपूर शहरापुरता धागा १९८४ मध्ये जुळला. गायेत, राज आणि राणा या तीन पुराजीवशास्त्रज्ञांनी अंतरा-ट्रॅपी गाळ चाळून त्यातून माशांचे, बेडकांचे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे सूक्ष्म अवशेष प्रसिद्ध केले. त्यांपैकी कित्येक भिंगाशिवाय दिसणारही नाहीत असे. ज्या ठिकाणाहून तो गाळ घेतला, ते हिस्लॉपच्या टाकळीला लागूनच आहे. काटोल मार्गाने जाणाऱ्या नागपूरकराला त्याचे नाव बसथांब्यावर दिसते: गिट्टीखदान.